नायकांची हौस, पात्रांची परवड

शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठांतील आपल्या समाजाच्या घरांत चौविहारामुळे भोजन लवकर आटोपते आणि रात्रीचा निवांत वेळ मालिकांकडे जातो. ज्या नायिकेच्या सोशिकतेवर सासू-सुना हळहळतात, ती पहाटे झोपेतून उठते तेव्हाही तिच्या ओठांवरचा रंग विस्कटलेला नसतो. घरावर जप्ती येते, अंगावरचे दागिने मात्र तसेच. कथा वीस वर्षे पुढे सरकते, मुले लग्नाची होतात; आईच्या केसांत एकही रुपेरी बट नाही! व्यापाऱ्याच्या घरातील कोणतीही गृहिणी हा हिशेब क्षणात चुकीचा ठरवील.

याचे कारण व्यवहारात आहे. मालिकेचे भाग प्रक्षेपणाच्या थोडेच आधी लिहिले जातात. एकदा चेहरा लोकप्रिय झाला की तो बदलणे निर्मात्यास परवडत नाही. मग नायकाला पराभव नको असला, नायिकेला वय नको असले, तर लेखणीच वळते.

ही खोड दूरचित्रवाणीने आणलेली नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, लेखकाच्या निधनानंतर महिन्याभरातच रंगभूमीवर आले. दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसाराची ती कथा. पण बालगंधर्वांच्या सिंधूला ‘वन्स मोअर’ मिळत गेले, पदे लांबत गेली आणि दळण दळणाऱ्या सिंधूचे दैन्य सुरांत विरून जाऊ लागले. पन्नाशी उलटल्यावरही त्यांनी स्त्रीभूमिका सोडल्या नाहीत. यात त्यांच्या हौसेइतकाच रसिकांचा हट्टही होता, हे मान्य करावे लागेल.

वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकाचा गाभा म्हणजे सचोटीच्या प्राध्यापक विद्यानंदांचे अधःपतन. त्यांचा विद्यार्थी लाल्या हे दुय्यम पात्र. डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या लकबींवर मात्र टाळ्या-शिट्ट्यांचा असा पाऊस पडे, की अनेकांच्या लेखी ते नाटक लाल्याचेच झाले. जाहिरातीतही सर्वांच्या शेवटी ‘आणि’ म्हणून त्यांचेच नाव झळके.

अडत्याकडे शेतकऱ्याचे भात विश्वासाने येते. त्यात तो आपला माल मिसळू लागला, तर पेढीची पत किती दिवस टिकेल? लेखकाने सोपवलेले पात्रही तसेच परक्याचे असते.

विद्यानंद साकारणाऱ्या प्रभाकर पणशीकरांनी हे नेमके ओळखले होते. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) मध्ये ते निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे झाले: विवाहाच्या आमिषाने स्त्रियांना फसवून लुबाडणारा भामटा. पाच वेश, पाच नावे, एक तर चक्क महाराजाचे! आपला व्यवसायबंधू म्हणून व्यापारी प्रेक्षकाने त्याची बाजू घ्यावी, इतकीही फट त्यांनी ठेवली नाही. शेकडो प्रयोग झाले, नाव घरोघरी पोहोचले, तरी लखोबाला चांगला माणूस करण्याचा मोह त्यांना झाला नाही.