नववीतला ताप

प्रेमात पडलेलं माणूस आजारी दिसतं, हे आपल्या आख्यानांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हंसाच्या तोंडून नलाचं वर्णन ऐकलं आणि दमयंती झुरू लागली, तिची झोप उडाली. आमच्या भिवंडीत मराठी आणि उर्दू एकाच भिंतीला पाठ टेकून बसतात, त्यामुळे लैलासाठी रानोमाळ भटकणारा मजनूही आम्हाला परका नाही. पण हेच दुखणं शेजारच्या नववीतल्या मुलाला जडलं, तर आपण एक तर हसतो, नाही तर हात उगारतो.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली आली, तेव्हा हे दुखणं मराठीत प्रथमच इतक्या मायेनं तपासलं गेलं असं मला वाटलं. काळ आणीबाणीचा, गाव लहान, आणि सांगणारा मुकुंद जोशी स्वतः नववीत. सुऱ्या, चित्रे, फावड्या या मित्रांबरोबर एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून तो जगाचा अंदाज घेतो. शिरोडकर त्याला आवडते. ती त्याच्या तोंडी कायम शिरोडकरच! त्या वयात मुलीला नावानं हाक मारणं म्हणजे केवढं धाडस, हे आडनावाच्या एका शब्दात कळतं.

या आजाराची लक्षणं बोकील अगदी साधी दाखवतात. ती दिसेल का, आज बोलेल का, एवढ्यावर मुकुंदचा दिवस उजळतो किंवा काळवंडतो. सुऱ्याला धीर नसतो. त्याचं प्रकरण मोठ्यांपर्यंत जातं आणि मार बसतो. मुकुंदच्या नशिबी निराळंच दुःख येतं. शिरोडकर गाव सोडून जाते. कुणी खलनायक नाही, भांडण नाही. मोठ्यांच्या संसाराची गाडी हलते आणि मुलांचं जग मागे राहतं. पुढे दहावी उभीच असते.

मुकुंदला एक भाग्य मात्र लाभलं आहे, ते म्हणजे नरूमामा. त्याच्याशी मनातलं बोलता येतं. आमच्या यंत्रमागांच्या गावात असा मामा किती मुलांना मिळतो? दिवसरात्र खटखट, एका खोलीत पाच-सहा माणसं; मनातलं बोलायला ना जागा, ना ऐकणारा कान. आमच्या आळीतल्या एका मुलीच्या दप्तरात चिठ्ठी सापडली आणि तिची शाळाच सुटली. चिठ्ठी लिहिणारा मुलगा आठवडाभर गप्प राहिला आणि पुन्हा वर्गात जाऊन बसला.

म्हणूनच कादंबरी मिटताना एक रुखरुख राहते. सारी कथा मुकुंदच्या डोळ्यांनी दिसते. शिरोडकरला काय वाटलं, ते तिच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. तिलाही ताप चढला असेलच की! पण मुलगा झुरला तर त्याची गोष्ट होते, मुलगी झुरली तर तिचं स्थळ बघायला सुरुवात होते.

२०१२ साली सुजय डहाके यांनी ‘शाळा’ पडद्यावर आणली, तेव्हा अनेक घरांनी ती एकत्र पाहिली आणि आईबापांना आपली नववी आठवली. ती आठवण थिएटरात ठेवून येऊ नये. घरातलं पोर जेवताना गप्प गप्प असेल, तर आधी त्याचं, आणि तिचंही, ऐकून घ्यावं. हा ताप आपोआप उतरतो. त्यापायी सुटलेली शाळा मात्र सहसा परत मिळत नाही.