चोळांची वही, भोसल्यांची बखर

तंजावरच्या मोठ्या देवळात सावली शोधत फिरू नका. विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच मनोऱ्याची, सावली जमिनीवर पडतच नाही, असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि मग आवारात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं आपली मंडळी माना वर-खाली करत पुरावा शोधत राहतात. सावली पडते. चांगली लांबलचक पडते. संध्याकाळी ती पूर्वेला नंदीच्या दिशेने सरकत जाते, आणि दिवसभर तापलेल्या फरशीवर पाय टेकवायला तेवढीच जागा म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं तिच्यात पाय पसरून बसतात. मीही बसलो होतो.

दुसरी गोष्ट शिखरावरच्या दगडाची. घुमटाकृती शिखर म्हणजे ८० टनांचा एकच अखंड दगड, तो सहा किलोमीटर लांब मातीच्या उतरणीवरून हत्तींनी वर ओढला, असं मार्गदर्शक सांगतात. उतरण केली असेल. वजनदार दगड उंचावर न्यायला दुसरा सोपा मार्ग नव्हताच. पण ते शिखर एकसंध नसून अनेक दगड जोडून केलेलं आहे, असं देवळाचं बांधकाम बारकाईने तपासणाऱ्यांचं म्हणणं आहे. मला तर जोडकाम अधिक अवघड वाटतं. चुना न वापरता, दगडात दगड बसवत सुमारे ६० मीटर उंची गाठायची, तेही आतून पोकळ ठेवून. आणि हे सगळं कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, जिथे भाताची खाचरं आहेत, गाळ आहे, पण ग्रॅनाइटची खाण नाही. दगड तिरुचिरापल्लीच्या बाजूने, सुमारे ५० किलोमीटरवरून आणावा लागला.

माझी तक्रार वेगळीच आहे. अशा गोष्टींमुळे हे देऊळ एखादं कोडं होऊन बसतं. प्रत्यक्षात स्वतःबद्दल इतकं लिहून ठेवलेलं देऊळ दुसरं सापडणं कठीण. ज्याने बांधलं त्याने भिंतीवर हिशेब लिहिला, आणि आठशे वर्षांनी त्याच आवारात एका मराठी राजाने आपल्या घराण्याची कहाणी कोरून घेतली. आपण फोटो काढतो ते मात्र विमानाचे.

गावातली माणसं या देवळाला ‘पेरिय कोविल’ म्हणतात, म्हणजे मोठं देऊळ. देवाचं तमिळ नाव पेरुवुडैयार. ‘बृहदीश्वर’ हा त्याचा पुढच्या काळात रुळलेला संस्कृत अवतार. बांधणाऱ्याने ठेवलेलं नाव होतं राजराजेश्वरम्: राजराजाच्या ईश्वराचं घर. देवाच्या नावात स्वतःचं नाव गुंफण्याइतका आत्मविश्वास पहिल्या राजराज चोळाकडे होता. त्याची कारकीर्द ९८५ ते १०१४. कळसासाठी सोन्याने मढवलेला तांब्याचा कुंभ त्याने राज्याच्या पंचविसाव्या वर्षी, २७५व्या दिवशी दिला, असं शिलालेखच सांगतो. ते साल १०१०.

आणि तरीही एकोणिसाव्या शतकात हे देऊळ कुणी बांधलं हे गावात कुणाला धड ठाऊक नव्हतं. स्थळमाहात्म्यात त्याचं श्रेय कृमिकंठ चोळ नावाच्या राजाला दिलेलं. भिंतीवर नाव कोरलेलं, पण जुनी तमिळ आणि ग्रंथ लिपी वाचणारा उरला नाही, त्यामुळे नाव असूनही नसल्यासारखं. १८८६च्या सुमारास सरकारी पुराभिलेखतज्ज्ञ हुल्ट्श यांनी हे लेख वाचायला घेतले आणि देवळाला त्याचा बाप परत मिळाला.

काय आहे या लेखांत? विमानाच्या जोत्याभोवती कंबरेएवढ्या उंचीपासून अक्षरांच्या ओळी फिरत जातात. सुरुवातीला राजा सांगतो की आम्ही जे दिलं, आमच्या थोरल्या बहिणीने दिलं, आमच्या राण्यांनी दिलं आणि इतरांनी जे दिलं, ते सगळं दगडावर लिहावं. थोरली बहीण म्हणजे कुंदवै. राण्यांच्या आधी बहिणीचं नाव येतं, हे आपल्याकडच्या नणंदांनी ऐकून ठेवण्यासारखं आहे. मग सुरू होते ती यादी. दागिने, भांडी, मूर्ती. सोनं तोलायचं वजन ‘आडवल्लान’ या नावाचं, म्हणजे नटराजाच्या नावाचं. दागिन्यात मोती किती, हिरे किती, माणकं किती, आत भरलेली लाख धरून वजन किती, हे तर आहेच. शिवाय कुठल्या हिऱ्यात डाग आहे, कुठल्या मोत्याची साल फुटली आहे, तेही नोंदवलेलं. देवाला दिलेल्या दागिन्यातली खोट कारकुनाने लपवली नाही. एखाद्या देवस्थानच्या खजिनदाराने ही भिंत वर्षातून एकदा पाहून यावी असं मला फार वाटतं.

नंदादीपाचा हिशेब तर वाचण्यासारखा आहे. एक दिवा रात्रंदिवस तेवत राहायचा तर रोज एक उळक्कु तूप लागणार. ते कुठून येणार? त्यासाठी ९६ मेंढ्या, नाहीतर ४८ गाई, नाहीतर १६ म्हशी एका मेंढपाळाच्या वा गवळ्याच्या हवाली करायच्या. त्याने रोजचं तूप पोचवायचं. कळप त्याने सांभाळायचा, पण मूळ आकडा घटता कामा नये. मेलेल्या जनावराच्या जागी नवं आलं पाहिजे. चोळांच्या लेखांत अशा मेंढ्यांना ‘सावा मूवा पेराडु’ म्हणतात: न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या. आपण ज्याला कायमनिधी म्हणतो, मुद्दल न मोडता व्याजावर चालवायची रक्कम, ती हीच. फक्त इथे मुद्दल बें-बें करतं.

रोख रकमेचंही तेच. देवळाचा पैसा गावोगावच्या सभांना कर्जाऊ दिलेला, साडेबारा टक्के दराने. त्या व्याजातून देवाच्या पाण्यात घालायला वेलदोडे, सोनचाफ्याच्या कळ्या आणि वाळा विकत घ्यायचा. भात पुरवणाऱ्या गावांची यादी कावेरीच्या खोऱ्यापुरती थांबत नाही, ती समुद्र ओलांडून श्रीलंकेपर्यंत जाते, कारण तिथली गावंही राजराजाने जिंकून या देवाला लावून दिली होती. म्हणजे देऊळ ही फक्त पूजेची जागा नव्हती. ती सावकारी पेढी होती, धान्याचं कोठार होती, आणि लुटीला पुण्यात बदलण्याची सोयही होती. हा शेवटचा भाग भक्तिभावाने हात जोडताना विसरू नये.

मग माणसं. राज्यभरातल्या देवळांतून ४०० नर्तकी इथे आणून वसवल्या. त्यांच्यासाठी देवळालगत रस्ते आखले, घरं बांधली. भिंतीवर प्रत्येकीची नोंद आहे: रस्ता कुठला, ओळ कुठली, घर कितवं, आधी ती कुठल्या गावच्या कुठल्या देवळात होती आणि तिचं नाव काय. नावं ‘नक्कन’ या शब्दाने सुरू होतात. प्रत्येकीला घर आणि वर्षाला १०० कलम भात. आपलं गाव सोडून इथे येण्याबद्दल त्यांना कुणी विचारलं होतं का, हे हिशेबाच्या वहीत कुठून येणार! पण हजार वर्षांपूर्वीच्या ४०० बायकांचे घरपत्ते आपल्याला माहीत आहेत, ही गोष्ट अंगावर काटा आणते. तेवारमची, म्हणजे शिवस्तुतीची तमिळ पदं गाणारे ४८ जण आणि त्यांचे दोन वादक, हिशेबनीस, शिंपी, न्हावी, सोनार, पहारेकरी, सगळ्यांचे वाटे ठरलेले. देऊळ रचणारा मुख्य स्थपती कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन, त्याचंही नाव इथे आहे. कारागिराचं नाव पुसलं जाण्याचा आपल्याकडचा रिवाज पाहता हे विशेष.

गाभाऱ्यातलं लिंग प्रचंड आहे, त्याला अभिषेक करायचा तर बाजूला चढून जावं लागतं. गाभाऱ्याच्या दोन भिंतींमधल्या अरुंद प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. ती कित्येक शतकं नायक राजांच्या काळातल्या चित्रांखाली झाकलेली होती. १९३१च्या सुमारास अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना ती दिसली. वरच्या मजल्यावर नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे नृत्यातल्या पवित्र्यांपैकी, ८१ कोरलेली आहेत आणि पुढचे २७ दगड कोरेच. काम का थांबलं, याच्या अटकळी पुष्कळ आहेत. या दोन्ही जागा सर्वसामान्यांना खुल्या नसतात, तेव्हा त्यांची छायाचित्रं आधीच पाहून जावी.

आवारात उभं राहिल्यावर एक गोष्ट मात्र कुणाच्याही लक्षात येईल. मदुरै किंवा श्रीरंगमला दुरून दिसतात ती गोपुरं, म्हणजे दरवाजे. देव आत कुठेतरी बुटक्या छताखाली असतो. इथे उलट. केरळान्तकन आणि राजराजन ही दोन्ही गोपुरं रुंद, जाडजूड, पण विमानापुढे ठेंगणी. सगळी उंची देवाच्या डोक्यावर. पुढच्या शतकांत देवळं बाहेरच्या बाजूने वाढत गेली, नवे राजे नवी तटबंदी आणि तिच्यावर अधिक उंच गोपुर बांधत राहिले, आणि मूळ गाभारा तसाच लहान राहिला. राजराजाने एकाच दमात, एकाच आराखड्यावर काम उरकलं, म्हणून तंजावर असं दिसतं. अर्थात पुढच्यांनी भर घातलीच. अम्मनचं देऊळ पांड्यांच्या काळातलं, तेराव्या शतकातलं. महाकाय नंदी आणि नाजूक कोरीवकामाचं सुब्रह्मण्याचं देऊळ नायकांचं. आणि सगळ्यांत बाहेरचा दरवाजा, ज्याच्याखालून तुम्ही आत येता, तो मराठ्यांचा.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५च्या आसपास तंजावर घेतलं आणि १८५५पर्यंत भोसले तिथे राहिले. एकशे ऐंशी वर्षं. इतका काळ सातारच्या गादीलाही लाभला नाही. नैऋत्य कोपऱ्यातलं गणपतीचं देऊळ दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातलं. ओवऱ्यांमध्ये लिंगांच्या मागे भिंतींवर मराठा अंमलातली चित्रं आहेत, त्यांवर हौशी प्रेमिकांनी खरडलेली नावंही आहेत. देवळाचं वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही भोसले घराण्याकडे आहे. राजवाडा देवस्थानाच्या ८८ देवळांपैकी हे एक.

त्याच ओवऱ्यांपैकी एकीच्या भिंतीवर दुसरी वही आहे. दुसऱ्या सरफोजींनी १८०३च्या डिसेंबरात इथे भोसले वंशाचा इतिहास कोरून घेतला. भाषा मराठी, लिपी देवनागरी. मजकूर राजांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीस यांनी लिहिला. जगातला सर्वांत लांब शिलालेख अशी त्याची ख्याती सांगतात; स्पर्धा कुणी मोजली ते सोडा, पण दगडावर कोरलेली अख्खी बखर दुसरीकडे कुठे पाहायला मिळते? मूळ पुरुषापासून मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज, मग व्यंकोजी आणि तंजावरची गादी असा तो ओघ चालतो. इतिहासकार त्यातला तपशील पारखूनच घेतात, कारण घटनांनंतर शंभर-दीडशे वर्षांनी, दरबारी हाताने तो लिहिलेला आहे.

साल १८०३ हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याच्या आधी चार वर्षं, १७९९मध्ये, सरफोजींनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून राज्यकारभार सोडला होता. हाती उरला किल्ला, महसुलातला वाटा आणि तनखा. राजराज विजयाच्या शिखरावर होता, तो वंशावळीवर फारसा वेळ घालवत नाही, मेंढ्या आणि मोती मोजतो. त्याला आपल्यामागे हा कारखाना चालू राहायला हवा होता. सरफोजींकडे मोजायला राज्यच उरलं नव्हतं. मग त्यांनी मोजले ते पूर्वज. मला त्यात बढाई दिसत नाही, एक सावध वकील दिसतो. आपण कोण होतो याचं कागदपत्र जळू नये, कुणाला बदलता येऊ नये, म्हणून त्याने ते दगडावर चढवलं. हाच माणूस सरस्वती महाल ग्रंथालयासाठी आयुष्यभर पोथ्या आणि युरोपातली पुस्तकं जमवत राहिला, हे लक्षात घेतलं की त्या भिंतीचा अर्थ लागतो. लिहून ठेवलेलंच टिकतं, ही त्या घराला लागलेली जाण होती.

सरफोजींच्याच गौरवाचं ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ हे तमिळ नृत्यनाट्य या देवळात उत्सवात सादर होत असे. मराठी राजा, तमिळ नाटक, चोळांचं देऊळ. तंजावरात हे कुणाला विचित्र वाटत नव्हतं. पण २०२०च्या फेब्रुवारीत देवळाचा कुंभाभिषेक, म्हणजे पुनःप्रतिष्ठेचा विधी, झाला तेव्हा मंत्र संस्कृतात म्हणायचे की तमिळमध्ये, हा वाद न्यायालयात गेला. दोन्हीत म्हणा, असा निकाल झाला.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा. दुपारी गाभारा बंद असतो, चारच्या सुमारास उघडतो, आणि मधल्या वेळात फरशी अनवाणी पायांना सोसवत नाही. चपला बाहेरच काढाव्या लागतात. दर्शन घ्या, जोत्याभोवती एक फेरी मारून अक्षरांवरून नजर फिरवा. मग बहुतेक लोक परत फिरतात तिथे परत फिरू नका. डावीकडून मागे जा, गणपतीच्या देवळापाशी या आणि त्याच्या बाजूच्या ओवरीत शिरा. अंधूक उजेड असतो, अक्षरं लहान आहेत आणि काही ठिकाणी झिजली आहेत, पण मराठी वाचता येणाऱ्याला दुभाषा लागत नाही. चष्मा विसरू नका.