करंगळीला जाग येताना

आमच्या पोळीभाजी केंद्रात सकाळच्या गडबडीत कातडं जळल्याचा वास आला. बघते तर एकीची करंगळी तव्याच्या कडेला टेकलेली, आणि बाई खुशाल पोळी उलटतेय! मी ओरडले तेव्हा कुठे तिनं हात मागे घेतला. "ताई, ही करंगळी मेलीच आहे हो. काही कळत नाही तिला," ती चक्क हसत म्हणाली.

अडीच महिन्यांपूर्वी काचेच्या पेल्यात हात घालून घासताना पेला फुटला होता. मनगटाला करंगळीच्या बाजूनं खोल चीर पडली. जवळच्या दवाखान्यात टाके घातले, दहा दिवसांत ते निघाले, जखम भरली. पण बोटांना स्पर्श कळतो का, बोटं फाकवता येतात का, हे तिथे कुणी पाहिलं नाही आणि हिनंही सांगितलं नाही. 'येईल हळूहळू' म्हणत राहिली. आपण बायका स्वतःच्या दुखण्याला नेहमी पुढचीच तारीख देतो!

दुसऱ्या दिवशी तिला हाताच्या सर्जनकडे नेलं. मी पडले आर्ट्सची, त्यामुळे समजेपर्यंत विचारत राहिले. बोलताना आपण शीर आणि नस एकच समजतो. हिचा तुटला होता तो मज्जातंतू, मेंदूचे निरोप ने-आण करणारी तार. ती तुटली की तिथून बोटापर्यंतचे आतले धागे मरतात. मग वरच्या टोकातून नवे धागे फुटतात आणि जुन्या रिकाम्या नळीतून पुढे सरकतात. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर! तेही नळीची दोन्ही टोकं जुळलेली असली तर. नुसता दबलेला मज्जातंतू पुष्कळदा आपला आपण सुधारतो, पण पूर्ण कापलेला शिवावाच लागतो. काचेनं स्वच्छ कापलेला लगेच शिवला तर उत्तम. हिला उशीर झाल्यामुळे टोकं आखडून दूर गेली होती. पोटरीतल्या मज्जातंतूचा तुकडा मध्ये जोडावा लागला. पावलाची बाहेरची कड त्यामुळे बधिर झाली, ते वेगळंच.

घाई आणखी एका कारणासाठी असते. निरोप न मिळालेले स्नायू वाळत जातात आणि वर्ष-दीड वर्षानंतर धागा पोचला तरी ते फारशी दाद देत नाहीत. हिची जखम मनगटाशी, तळव्याच्या जवळ, म्हणून आशा होती. तीच दंडावर असती तर वाट केवढी लांब! लहान मुलांचे हात जास्त चांगले सुधारतात, वय वाढतं तसं अवघड होतं. मधुमेहातही ही वाढ रेंगाळते. हिची साखर ठीक निघाली. तंबाखूबद्दल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं ठाम 'नाही' म्हटलं आणि परतताना रिक्षात मिश्रीची डबी काढली! तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, नव्या धाग्यांना रक्त कमी पडतं. मी रागावले. डबी अजून पूर्ण सुटलेली नाही, पण सकाळची एक वेळ बंद झाली.

ऑपरेशननंतर तीन आठवडे पट्टी, मग व्यायाम. डॉक्टर मनगटापासून खाली बोटानं टकटक करत जातात. जिथे मुंग्या येतात तिथवर धागे पोचले असं समजायचं. ही खूण झूल टिनेल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१५ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडली. गंमत म्हणजे फ्रेंच भाषेतही या झिणझिण्यांचं नाव मुंग्यांवरूनच आहे!

तोवर बधिर बोट सांभाळायचं. ती आता तव्यापाशी नसते, कणीक मळायलाही नाही, हिशेब बघते. आपला हात 'पहिल्यासारखा' होईल असं डॉक्टरांनी कबूल केलेलं नाही. चिमटीत किल्ली धरून फिरवताना अजून सुटते.

ऑपरेशनला आठ महिने झाले. स्पर्श परतला तरी कशाचा हे मेंदूला पुन्हा शिकवावं लागतं, म्हणून रोज दुपारी मी ताटलीत राजमा, वाटाणे, नाणी, बटणं मिसळून ठेवते. ती डोळे मिटून करंगळीनं चाचपते. परवा म्हणाली, "हा वाटाणा." ते बटण होतं. पण काहीतरी गोल आहे, हे तिला कळलं होतं.