घरचे गडी आणि बाहेरचे गडी : संघबांधणीची मीमांसा

खेळातील संघ कसा बांधावा, ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन पक्ष मांडून केली जाते. आपल्या मातीत वाढलेले गडी हेच संघाचे खरे बळ, असे एक पक्ष मानतो. दुसऱ्या पक्षाच्या मते विजय हवा असेल तर गुणी खेळाडू जेथे असेल तेथून तो आणावा. त्याचे गाव विचारू नये. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. न्यूयॉर्क यांकीज संघाने १९१९ च्या अखेरीस बेब रूथ ह्या खेळाडूला बोस्टनच्या संघाकडून विकत घेतले आणि १९२३ साली पहिले जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्याच काळात सेंट लुइस कार्डिनल्स संघाचे चालक ब्रँच रिकी ह्यांनी नेमका उलटा मार्ग धरला. श्रीमंत संघांशी किमतीत स्पर्धा करणे शक्य नाही, हे ओळखून त्यांनी लहान गावांतील दुय्यम संघ हाताशी धरले, तेथे होतकरू मुले ठेवली आणि तयार होतील तशी ती वरच्या संघात आणली. ह्या व्यवस्थेला अमेरिकेत 'शेत' असेच नाव पडले. १९२६ साली कार्डिनल्स अजिंक्य ठरले. म्हणजे दोन्ही मार्गांनी विजय मिळतो, एवढे तरी इतिहासाने प्रारंभीच दाखवून दिले आहे. मग वाद उरतो तो कशाचा?

वादाचे मूळ पुष्कळसे 'घरचा' ह्या शब्दाच्या संदिग्धतेत आहे. खेळाडूच्या बाबतीत हा शब्द किमान तीन अर्थांनी वापरला जातो. जन्माने घरचा, घडणीने घरचा आणि ज्या संघाकडून खेळतो त्या नात्याने घरचा. हे तीन अर्थ एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र आले म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही. ते विभक्त झाले की मात्र एकच खेळाडू एका अर्थाने घरचा आणि दुसऱ्या अर्थाने बाहेरचा ठरतो. ह्याचे उत्तम उदाहरण अहमदनगर, म्हणजे २०२४ साली नामांतर झालेल्या अहिल्यानगर, जिल्ह्यात सापडते.

जलदगती गोलंदाज झहीर खान ह्याचा जन्म १९७८ साली श्रीरामपूर येथे झाला आणि शालेय शिक्षणही तेथेच झाले. हा जिल्हा क्रिकेटच्या व्यवस्थेत पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो. महाराष्ट्र राज्यातून रणजी करंडक स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन स्वतंत्र संघ उतरतात, हे येथे लक्षात ठेवावे. जन्माच्या न्यायाने झहीर महाराष्ट्र संघाचा. त्याची घडण मात्र प्रथम मुंबईच्या मैदानांवर आणि नंतर चेन्नईच्या जलदगती गोलंदाजांच्या प्रशिक्षणकेंद्रात झाली. मुंबईच्या संघात जागा न मिळाल्याने तो बडोद्याकडे गेला. २०००-०१ साली बडोद्याने अंतिम सामन्यात रेल्वेवर २१ धावांनी मात करून करंडक जिंकला, त्यात त्याच्या गोलंदाजीचा निर्णायक वाटा होता. पुढे २००६-०७ च्या हंगामात तो मुंबईकडे आला आणि मुंबई अजिंक्य ठरली. श्रीरामपूरच्या ह्या खेळाडूचा लाभ दोन विजेत्या संघांना झाला. ज्याच्या कक्षेत श्रीरामपूर येते त्या संघाला तो झाला नाही.

अजिंक्य रहाणे ह्याची कथा थोडी निराळी आहे. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द हे त्याचे गाव. परंतु तो वाढला डोंबिवलीत आणि घडला मुंबईच्या परंपरेत. त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने मार्च २०२४ मध्ये विदर्भाला १६९ धावांनी हरवून आपले बेचाळिसावे रणजी अजिंक्यपद मिळविले. मुंबईकर त्याला बाहेरचा समजत नाहीत, आणि ते योग्यच आहे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने करंडक राखला, तो 'घरच्या' खेळाडूंच्या बळावर, असे सांगितले जाते. परंतु मुंबई हे शहरच बाहेरून आलेल्या माणसांचे. तेथे घरचे होते ते मैदान, शाळाशाळांतील हॅरिस आणि गाइल्स ढालींचे सामने, १९४८ पासून भर पावसाळ्यात चालणारी कांगा साखळी स्पर्धा आणि खेळाडूंना नोकरी देणाऱ्या कचेऱ्यांचे संघ. कोकणातून वा देशावरून आलेल्या कुटुंबातील मुलगा ह्या चरकातून गेला की तो मुंबईचा होई.

ह्याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोगही ह्याच जिल्ह्याशी दूरच्या नात्याने जोडलेला आहे. ज्यांच्या नावाने जिल्हा आज ओळखला जातो त्या अहिल्याबाई होळकर ह्यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. त्यांच्या सासरच्या घराण्याने इंदूर येथे विसाव्या शतकात जो क्रिकेट संघ उभा केला, तो प्रामुख्याने आश्रयाच्या बळावर उभा होता. नागपूरचे सी. के. नायडू ह्यांना महाराजांनी इंदूरला आणून सैन्यात अधिकारपद दिले. सागर येथे जन्मलेले चंदू सरवटे, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर असे गुणी खेळाडू निरनिराळ्या वेळी ह्या संघातून खेळले. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर युद्धानिमित्त हिंदुस्थानात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही होळकर संघात होता. इंदुरातच जन्मलेले मुश्ताक अली हे ह्या संघाचे ठळक घरचे रत्न. १९४४-४५ ते १९५४-५५ ह्या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजयी झाला.

बडोद्याचा मार्गही हाच. सांगलीचे विजय हजारे आणि लाहोरचे गुल महंमद ह्या दोघांनी १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून खेळताना चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा केल्या. समोर होळकर संघच होता. एका संस्थानाने जमविलेल्या संघाचा दुसऱ्या संस्थानाने जमविलेल्या संघाने केलेला हा पराभव होता. बाहेरून आणलेल्या बळाची मर्यादा त्यातून स्पष्ट होते : जे एकाला विकत मिळते ते दुसऱ्यालाही मिळू शकते.

ह्या व्यवहारात कोणाची हानी झाली, तेही पाहिले पाहिजे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर ह्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. ह्याच काळात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. हजारे त्या संघाचे प्रमुख आधार होते. बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या होत्या. लवकरच ते त्याच बडोद्याकडे गेले. महाराष्ट्र त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ साली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, परंतु करंडक पुन्हा हाती आला नाही. ह्याचे कारण केवळ एका खेळाडूचे जाणे असू शकत नाही. एक गेला असता दुसरा तयार करणारी यंत्रणा किती भक्कम होती, हा खरा प्रश्न आहे.

येथे भाषाशास्त्रातील एक साम्य उपयोगी पडते. मराठीने पोर्तुगीजांकडून 'बटाटा', 'चावी', 'पगार' हे शब्द घेतले, इंग्रजीकडून 'टेबल' घेतले. परंतु मराठी बोलणारा 'बटाट्याची', 'पगारातून', 'टेबलावर' असेच म्हणतो. शब्द उसना आहे. त्याचे सामान्यरूप आणि त्याला लागणारा प्रत्यय घरचा आहे. भाषा नामे सहज उसनी घेते, प्रत्यय क्वचितच घेते. ज्या भाषेचे व्याकरण जिवंत आहे तिला उसन्या शब्दांनी धोका नसतो. उलट ती संपन्न होते. व्याकरणही बदलू शकते, हे खरे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड आणि उर्दू ह्या भाषांची वाक्यरचना पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासाने एकमेकींच्या जवळ आल्याचे गंपर्झ आणि विल्सन ह्यांनी १९७१ साली दाखविले. परंतु त्याला दीर्घ सहवास लागतो. संघाचेही असेच आहे. खेळाडू हा शब्द होय. शाळेतील सामने, मैदाने, प्रशिक्षक आणि निवडीची रीत हे व्याकरण होय.

ही कसोटी विदर्भाला लावून पाहावी. २०१७-१८ साली विदर्भाने दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला, तोही इंदूरच्या होळकर मैदानावर. त्या संघात मुंबईचे वसीम जाफर होते आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचेच. परंतु कर्णधार फैज फजल, अंतिम सामन्यात त्रिक्रम करणारा रजनीश गुरबाणी, फिरकी गोलंदाज अक्षय वखरे आणि आदित्य सरवटे हे विदर्भाकडूनच पुढे आलेले होते. पुढील वर्षी जाफरने हजारांहून अधिक धावा केल्या आणि अंतिम सामन्यात सरवटेने अकरा गडी बाद केले. करंडक नागपुरातच राहिला. २०२४-२५ साली तिसऱ्यांदा विजय मिळाला, तेव्हा कर्नाटकचा करुण नायर पाहुणा म्हणून धावा करीत होता आणि हर्ष दुबे हा घरचा गोलंदाज एका हंगामात ६९ बळी घेऊन नवा विक्रम करीत होता. त्या अंतिम सामन्यात समोरच्या केरळ संघात पाहुणा म्हणून आदित्य सरवटे होता. विदर्भ आता खेळाडू घेणारा आणि देणाराही संघ झाला आहे. सरवटे गेला तरी दुबे तयार होता, ही गोष्ट सर्वांत बोलकी आहे.

होळकर संघाचे पुढे काय झाले? संस्थान विलीन झाले, आश्रय आटला आणि १९५४-५५ नंतर तो संघ राहिला नाही. नायडू, सरवटे, मुश्ताक अली ह्यांच्या वास्तव्याने इंदुरात खेळाचे वातावरण टिकले, हे नाकारता येत नाही; परंतु ज्या प्रदेशाला त्या संघाचा वारसा मिळाला त्या मध्यप्रदेशाला रणजी करंडकासाठी २०२१-२२ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वेळी प्रशिक्षक पुन्हा चंद्रकांत पंडितच होते. आता मात्र बाहेरचा होता तो गुरू, आणि शिष्य बहुतांशी घरचे होते. अंतिम सामन्यात त्यांनी मुंबईला नमविले. बाहेरून काय आणावे, ह्याचे उत्तर ह्या दोन प्रयोगांच्या तुलनेत मिळते. फळ आणले तर ते एका हंगामात संपते. लागवडीची विद्या आणली तर ती जमिनीत मुरते.

तात्पर्य, 'घरचे की बाहेरचे' हा पर्यायच मुळात सदोष आहे. बाहेरचा खेळाडू जेथे उणीव भरून काढतो आणि सोबतच्या तरुणांना शिकवितो तेथे तो उपकारक ठरतो. जेथे तो घडणीच्या यंत्रणेची जागा घेतो तेथे त्याच्या जाण्याबरोबर सर्वच जाते. आणि जन्माचा अभिमानही घडणीवाचून पोकळ होय.

नगर जिल्ह्याला हा धडा नवा नसावा. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर त्यातील साखर घटते. म्हणून गाळप शेताजवळच व्हावे लागते. प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील ह्यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ह्यांचे मार्गदर्शन त्यांनी आनंदाने घेतले. मार्गदर्शक बाहेरचा होता. भागभांडवल, ऊस आणि कारखाना घरचा होता. क्रिकेटमध्ये ह्या जिल्ह्याने ऊस पिकविला आणि गाळप इतरत्र झाले. श्रीरामपुरातील एखाद्या शाळेच्या मैदानावर आज जो मुलगा वेगाने चेंडू टाकीत असेल, त्याला घडण्यासाठी गाव सोडावे लागेल की नाही, ह्यावर तो उद्या कोणाचा 'घरचा' म्हणविला जाईल हे अवलंबून राहील.