एक अक्षर, दोन उच्चार : मराठीतील ‘च’ व ‘ज’ यांचा अर्थभेदक उच्चार

प्राचीन चिनी लिपीतील एक चिन्ह ‘संगीत’ व ‘आनंद’ या दोन्ही अर्थांनी वापरले जाते. आजच्या प्रमाण चिनीत पहिल्या अर्थी त्याचा उच्चार साधारणतः ‘युए’, तर दुसऱ्या अर्थी ‘ल’सारखा होतो. जपानीने हे चिन्ह स्वीकारले, तेथे हाच भेद ‘गाकु’ आणि ‘राकु’ असा टिकून आहे. म्हणजे वाचकाला अर्थ आधी कळावा लागतो, उच्चार नंतर. देवनागरी मात्र उच्चारानुसारी असल्याने तीत असे संभवत नाही, ही समजूत अध्यापकवर्गातही रूढ आहे. मराठीपुरती ती अपुरी होय.

‘जरा’ हा शब्द पाहावा. तालव्य ‘ज’ने तो वार्धक्याचा वाचक ठरतो, दंततालव्य ‘ज’ने ‘थोडेसे’ असा अर्थ देतो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे ‘जिवंत राहा’ ही जोडीही तशीच. तत्सम शब्दांत सामान्यतः तालव्य उच्चार राहतो. तद्भव, देशी व फारसीतून आलेल्या शब्दांत अ, आ, उ, ओ या स्वरांपूर्वी बहुधा दंततालव्य उच्चार येतो, तर इ, ए आणि ‘य’ यांच्यापूर्वी तालव्य. त्यामुळे ‘माझा’ व ‘माझी’, ‘त्याचा’ व ‘त्याच्या’ अशा रूपांत एकाच शब्दाचा वर्ण बदलतो आणि मराठी भाषकाच्या ते लक्षातही येत नाही. तेलुगूतही असा दुहेरी उच्चार आढळतो.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. येथील महाविद्यालयीन वर्गांत गुजराती, मारवाडी व हिंदी भाषक विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. देवनागरी त्यांना हिंदीमुळे परिचित असते, म्हणून मराठी पाठ वाचताना ते सर्वत्र तालव्य उच्चार करतात. मग ‘जरा थांबा’ म्हणताना वार्धक्यालाच थांबण्याची विनंती होते! या उच्चाराची वर्गात थट्टा होते. वस्तुतः विद्यार्थ्याने लिहिले आहे तसेच वाचलेले असते. जुलै २०२५ मध्ये याच शहरात मराठी बोलण्याच्या प्रश्नावरून मोर्चे निघाले. अशा वातावरणात चुकीच्या उच्चाराच्या भीतीने विद्यार्थी मराठी बोलणेच टाळू लागला, तर तो दोष त्याच्या निष्काळजीपणाचा मानता येणार नाही.

हिंदीत फारसी-अरबी शब्दांसाठी ‘ज’खाली नुक्ता देण्याची सोय आहे, मराठीच्या प्रचलित लेखनात ती नाही. सर्वसाधारण लेखनात तिची आवश्यकताही नाही. परंतु मराठी द्वितीय भाषा म्हणून शिकणाऱ्यांच्या पाठांत दंततालव्य अक्षराखाली टिंब देण्यास हरकत नसावी.