स्वस्त रेड वाईनचे मोल कसे जोखावे?

मे महिन्याच्या सुट्टीत बिदर जिल्ह्यातील खटकचिंचोळीला आजोळी गेलो होतो. मामांच्या घरातील कोनाड्यात, देवाच्या तेलाच्या बाटलीपासून हातभर अंतरावर, रेड वाईनची एक बाटली उभी होती. मामा स्वतः शिंदीलाही न शिवणारे. विचारले तेव्हा म्हणाले, ‘‘तुझ्या मामीला रक्त कमी आहे म्हणे. रोज दोन चमचे दिले तर भरून येते, असे सांगतात. तू गोव्यात राहतोस, तुला यातले कळत असेल. चाखून सांग, पैसे वाया गेले की नाही?’’

गोव्यात राहणाऱ्या प्रत्येकाला वाईनमधले कळते, हा सीमाभागातील आवडता समज आहे. तरीही मामांचा प्रश्न रास्त होता. दोन-अडीचशे रुपयांच्या बाटलीत नेमके काय मिळते आणि ते कसे ओळखावे, हे गोव्यातील ग्राहकानेही समजून घेण्याजोगे आहे.

किमतीत द्राक्षांचा वाटा किती?

बाटली स्वस्त असो वा महाग, काच, झाकण, लेबल, वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा हे खर्च तिला चुकत नाहीत. त्यात मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने प्रत्येक राज्याचा अबकारी कर निराळा. हे सारे वजा केल्यावर स्वस्त बाटलीत प्रत्यक्ष द्राक्षरसासाठी फारच थोडी रक्कम उरते. म्हणून किंमत थोडी वाढली की दर्जा बऱ्यापैकी सुधारू शकतो. मात्र एका मर्यादेनंतर वाढीव पैसा नावाला आणि दुर्मीळतेला मोजला जातो.

द्राक्षाची जातही महत्त्वाची. कर्नाटकातील अनेक स्वस्त, गोड वाईन ‘बंगळूर ब्ल्यू’ या द्राक्षापासून बनतात. बंगळूर ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार परिसरातील या द्राक्षाला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा वास उग्र व गोडसर असतो. नाशिक किंवा नंदी टेकड्यांच्या परिसरातील शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों या जातींची वाईन याहून तुरट आणि कमी गोड लागते.

गोव्यात ‘पोर्ट वाईन’ म्हणून खपणारी बाटली हा आणखी वेगळा प्रकार. मूळ पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. मार्कीझ द पोंबाल यांच्या काळात, १७५६ साली, त्या प्रदेशाची सीमा आखून देण्यात आली. तेथे रस आंबत असतानाच द्राक्षांपासून काढलेले तीव्र मद्य त्यात मिसळतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबते, साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क सुमारे २० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. आपल्याकडे नाव तेच असले तरी आत तोच पदार्थ असेल, असे समजण्याचे कारण नाही. लेबलावरील मद्यार्काची टक्केवारी आणि घटक वाचणे, ही परीक्षेची पहिली पायरी.

चाखण्याची रीत

मामा गुळाची ढेप घेताना आधी रंग पाहतात, मग खडा फोडून वास घेतात आणि शेवटी जिभेवर ठेवतात. वाईनची परीक्षा याहून वेगळी नाही.

आधी तापमान. रेड वाईन ‘घरच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठी आहे. चाळीस अंशांच्या बिदरमध्ये किंवा दमट पणजीत तो लागू पडत नाही. शीतकपाटात ठेवून सोळा-अठरा अंशांच्या आसपास आणावी. गरम वाईनमध्ये मद्याचा झणका वर येतो, तर फार गार केल्यास वास दबतो आणि दोषही लपतात.

पेला एक तृतीयांश भरून पांढऱ्या कागदावर तिरका धरावा. ताज्या वाईनचा रंग जांभळट-लाल असतो. कोवळ्या वाईनमध्ये विटकरी छटा दिसली तर ती उन्हात किंवा हवेत बिघडली असण्याचा संभव आहे. मग पेला हलवून वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्याचा, शिरक्याचा किंवा शिजवून आटवलेल्या फळांचा वास आला, तर बाटली किती रुपयांची हा प्रश्नच उरत नाही.

चवीसाठी परकीय शब्दांची गरज नाही. आपले षड्रस पुरेसे आहेत. गोडी किती, तिला तोलणारा आंबटपणा आहे का, हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा मऊ आहे की खरखरीत, आणि घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, हे चार प्रश्न विचारावेत. स्वस्त वाईनमध्ये पुष्कळदा गोडी इतकी वाढवलेली असते की बाकीचे सारे तिच्याआड झाकले जाते.

शक्य असल्यास किंमत न पाहता चाखावे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात तीच वाईन महाग म्हणून दिल्यावर लोकांना अधिक आवडली. मेंदूच्या चित्रणातही तो फरक उमटला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक चाखण्यांवर आधारलेल्या अभ्यासात, किंमत झाकलेली असताना सामान्य ग्राहकांना महागडी वाईन अधिक आवडत नाही, असे आढळले. जीभ बऱ्याचदा आकड्याची री ओढते, ती अशी.

मामांच्या बाटलीचा निकाल

बाटली गार करून आम्ही ती उघडली. रंग चांगला जांभळा होता. वासात द्राक्षाच्या गोळीची आठवण अधिक, फळाची कमी. पहिल्याच क्षणी गोडी आली, मागून थोडा आंबटपणा, तुरटपणा नावापुरता. आणि चव चार-पाच क्षणांत विरली. कोनाड्यातल्या उकाड्याने थोडा शिजका वासही लागला होता. तिखट जेवणासोबत तुरट वाईन तोंड अधिक पोळवते. ही गोड असल्याने त्याबाबत बरी ठरली असती. एक गोड मद्य म्हणून ती आपल्या किमतीला जागणारी होती, त्याहून अधिक नव्हे.

पण मामांनी ती चवीसाठी घेतलीच नव्हती, औषध म्हणून घेतली होती. त्या हिशेबाने तिचे मोल शून्य होते. लाल रंगाचा रक्ताशी काही संबंध नाही. वाईनमध्ये लोह अत्यल्प असते आणि तिच्यातील तुरट द्रव्ये जेवणातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळाच करतात. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. बाळंतीण, वृद्ध किंवा अशक्त माणसाला ‘रक्तासाठी’ पोर्ट देण्याची समजूत गोव्यातही आढळते. तिलाही हेच उत्तर आहे.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे गूळ बरा होता म्हण की.’’ रक्त कमी का झाले हे तपासल्याशिवाय गुळावरही विसंबू नका, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी मामी भालकीला रक्त तपासायला गेल्या. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. बाटलीच्या किमतीच्या मानाने त्या पुष्कळच स्वस्त पडल्या.