दालचिनीचा वेढा

दालचिनीच्या ब्रेडची स्लाइस कापली की पांढऱ्या, मऊ गरात एक तपकिरी रेघ मध्यापासून कडेपर्यंत फेऱ्या घेत गेलेली दिसते. ती शोभेसाठी असावी असंच कुणालाही वाटेल. दालचिनी आणि साखर सरळ पिठातच मळून टाकली, तर लाटणं, पसरणं, गुंडाळणं हा सगळा खटाटोप वाचेल की! पण ४०० ग्रॅम मैद्यात दहा ग्रॅम दालचिनी एकदा मळून पाहावी. एरवी तासाभरात दुप्पट होणारा गोळा परातीत रेंगाळत राहतो. कुणीतरी यीस्टचा गळा धरला आहे असं वाटावं, आणि ते बरंचसं खरंही आहे.

याचं कारण स्वयंपाकघरात नाही, झाडात आहे. दालचिनी म्हणजे एका सदाहरित झाडाची आतली साल. झाडाचं अन्न तिथूनच वाहतं, त्यामुळे बुरशीला आणि किडींना याहून चांगली मेजवानी नाही. झाडाला पळून जाता येत नाही. ते सालीत रसायनं साठवून स्वतःचं रक्षण करतं. त्यातलं मुख्य रसायन सिनॅमाल्डिहाइड. सालीपासून काढलेल्या तेलात अर्ध्याहून जास्त वाटा त्याचाच असतो. १८३४ साली द्यूमा आणि पेलिगो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. दालचिनीचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः याच रेणूचा, आणि बुरशीच्या पेशीचं आवरण खिळखिळं करणाराही हाच.

आणि यीस्ट म्हणजे तरी काय? एकपेशीय बुरशीच. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे तिचं नाव. केंद्रक असलेल्या पेशींच्या सजीवांमध्ये जिचा संपूर्ण जनुकसंच सर्वांत आधी, १९९६ साली, वाचला गेला ती हीच. सुमारे सहा हजार जनुकांचा हा इवलासा जीव साखर खातो, कार्बन डायऑक्साइड आणि थोडं अल्कोहोल सोडतो, आणि आपला ब्रेड फुगतो. दालचिनीला यातलं काही ठाऊक नाही. तिच्या लेखी झाडावर चाल करून येणारी बुरशी आणि परातीतली बुरशी एकच. झाड सोडून, वाळून, कुटून पूड झाल्यावरही ती आपलं पहाऱ्याचं काम करतच राहते. मला या ब्रेडमधली सगळ्यात थरारक गोष्ट हीच वाटते.

साखरेचंही तसंच. थोडी असेल तर यीस्टचं अन्न. फार झाली की ती यीस्टच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेते आणि यीस्ट मंदावतं. म्हणजे या ब्रेडला चव देणारे दोन्ही पदार्थ त्याला फुगवणाऱ्या जिवाच्या मुळावर उठलेले. मग करायचं काय? दोघांना एकाच घरात, पण वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायचं. पीठ शांतपणे फुगू द्यायचं, दालचिनी त्याच्या अंगावर फक्त पसरायची आणि गुंडाळून टाकायचं. यीस्टच्या बहुतेक पेशींची दालचिनीशी कधी गाठच पडत नाही. खाणाऱ्याला मात्र प्रत्येक घासात दोन्ही मिळतात.

दालचिनी कुठली घ्यावी, हाही प्रश्न आहे. बाजारात दोन घराण्यांचा माल असतो. एक श्रीलंकेची, पातळ, कागदासारख्या पदरांची, हाताने सहज मोडणारी. दुसरी चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडची, जाड, कडक, दोन्ही कडांनी आत वळलेली. तिला तज किंवा कॅसिया म्हणतात. पहिलीचा वास नाजूक, दुसरीचा दणकट. या ब्रेडसाठी मी तजेची बाजू घेईन, कारण लोणी, दूध आणि भाजलेला मैदा यांच्या गर्दीत नाजूक वास हरवतो. रोज खाणार असाल तर मात्र श्रीलंकेची बरी. तजेत कुमारिन नावाचं एक द्रव्य बऱ्यापैकी असतं, आणि ते फार प्रमाणात सतत पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होतो. युरोपीय संघाने बेकरीच्या रोजच्या गोड पदार्थांत किलोमागे १५ मिलिग्रॅम आणि पारंपरिक किंवा सणावारी पदार्थांत ५० मिलिग्रॅम अशी कुमारिनची मर्यादा घातली आहे. यावरून २०१३ साली डेन्मार्कमधल्या बेकरीवाल्यांचं धाबं दणाणलं होतं. त्यांचे दालचिनीचे वेटोळे रोजच्या खाण्यात धरले गेले, आणि शेजारच्या स्वीडनने आपले तसलेच बन पारंपरिक म्हणून मोकळे केले होते! स्वीडनमध्ये तर ४ ऑक्टोबर हा दालचिनीच्या बनचा दिवस म्हणून १९९९ पासून पाळला जातो.

दालचिनीचं झाड आपल्यालाही परकं नाही. कोकणात नारळाच्या बागेत, माडांच्या सावलीत ते लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात त्यासाठीच. झाड जमिनीलगत छाटलं की बुंध्यातून अनेक सरळ धुमारे फुटतात. त्यांची वरची खरबरीत साल खरवडून आतली पातळ साल सोडवायची आणि सावलीत वाळवायची. वाळताना सालीची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त आकसते आणि साल आपोआप गुंडाळत जाते. ब्रेडमध्ये जी सुरळी आपण हाताने करतो, ती दालचिनीने आधीच स्वतःची करून ठेवलेली असते. कोकणातल्या कुणाकडे हे झाड असेल तर त्याचं पान चुरगाळून हुंगा. वास दालचिनीचा नाही, लवंगेचा येईल. पानांच्या तेलात लवंगेतलंच युजेनॉल भरलेलं असतं. आणि मुळांच्या सालीत कापूर! एकच झाड, आणि तीन मजल्यांवर तीन वेगळे वास.

आता पीठ. ब्रेडच्या एका टिनासाठी ४०० ग्रॅम मैदा, २५० मिलिलिटर दूध, ४० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम लोणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि तेवढंच मीठ. दूध आधी उकळून कोमट करावं. आपल्याकडे ते उकळतातच, पण इथे त्याला वेगळं कारण आहे. कच्च्या दुधातली काही प्रथिनं ब्रेडची उंची कमी करतात. उकळल्यावर त्यांचा तो गुण जातो. मैदा घेताना पाकिटावर प्रथिनांचा आकडा पाहावा, शंभर ग्रॅमला अकराच्या आसपास असला तर उत्तम. ही प्रथिनं पाण्यात भिजून, मळता मळता एकमेकांत गुंफतात आणि ग्लूटेनची लवचीक जाळी तयार होते. मळलेल्या मैद्याचा लहानसा गोळा पाण्याखाली धरून चोळत राहिलात तर पांढरं पाणी वाहून जातं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. इटलीतल्या बोलोन्याच्या बेक्कारी यांनी १७२८ साली नेमकं हेच करून ग्लूटेन वेगळं दाखवलं. दहा-बारा मिनिटं मळल्यावर पिठाचा तुकडा दोन्ही हातांनी ताणावा. तो न फाटता इतका पातळ व्हावा की पलीकडचा उजेड दिसेल.

गोळा दुप्पट झाला की लाटायचा: रुंदी २० सेंटीमीटर, म्हणजे टिनाच्या लांबीहून जरा कमी, आणि लांबी ४५. जाडी साधारण ८ मिलिमीटर भरते. गुंडाळल्यावर पावणेसात सेंटीमीटर व्यासाची सुरळी होते आणि आत चारहून किंचित जास्त वेढे बसतात. हेच पीठ ६० सेंटीमीटर लांब लाटलं तर? सुरळीची जाडी बदलत नाही, कारण पीठ तेवढंच आहे. वेढे मात्र साडेपाचच्या घरात जातात. दोन वेढ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं असणाऱ्या या आकृतीवर आर्किमिडीजने अख्खा ग्रंथ लिहिला होता. ब्रेडमध्ये तिला आणखी एक गंमत जडते, ती म्हणजे ही आकृती जिवंत आहे. टिनात ठेवल्यावर पीठ फुगतं, भट्टीत आणखी फुगतं, प्रत्येक पदर जाड होत जातो, पण वेढ्यांची संख्या एकानेही वाढत नाही.

आणि इथेच या ब्रेडचा खरा कस लागतो. कापल्यावर अनेकदा वेढ्यांमध्ये पोकळी सापडते, वरचा कवच-पदर तर छपरासारखा सुटून आलेला असतो. कृती तीच, मन लावून केलेली, तरी असं का होतं?

पहिला अपराधी लोणी. पुष्कळ कृतींमध्ये लाटलेल्या पोळीवर पातळ लोणी लावून मग दालचिनी-साखर पसरायला सांगतात. पण घडीच्या पोळीत आपण तेल कशासाठी लावतो? पदर सुटावेत म्हणूनच. तेच काम लोणी इथेही चोख करतं, आणि इथे तर पदर चिकटायला हवे असतात. त्यामुळे लोणी पिठात असू द्यावं, पदरांत नको. तिथे दुधाचा किंवा पाण्याचा पातळ हात फिरवावा. अंडं खाणाऱ्यांनी पांढरा बलक लावावा, तो भाजताना घट्ट होऊन पदर धरून ठेवतो.

दुसरी अपराधी साखर. ती पिठातलं पाणी ओढून घेते आणि तिचा पाक होतो. पाक खाली ओघळतो, वर रिकामी जागा राहते. शिवाय या पाण्याची भट्टीत वाफ होते. एक मिलिलिटर पाण्याची उकळबिंदूला सुमारे १७०० मिलिलिटर वाफ होते, हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की पदर का उचलले जातात ते कळतं. यावरचा उपाय साधा आहे. दाणेदार साखरेऐवजी ९० ग्रॅम पिठीसाखर घ्यावी, तिच्यात दहा ग्रॅम दालचिनी आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर मिसळावं. घरी दळलेल्या पिठीसाखरेत स्टार्च नसतो, म्हणून कॉर्नफ्लोअर विसरू नये. पाक सुटू लागला की ते त्याला दाट करतं आणि रेघ जागच्या जागी राहते. हे सारण पोळीवर पसरल्यावर चौरस सेंटीमीटरला एक दशांश ग्रॅमच्या आसपास पडतं. हावरटपणाने दुप्पट टाकलं की पोकळी ठरलेली.

तिसरं कारण हवा. सुरळी ढिली गुंडाळली तर हवा आत अडकते आणि भट्टीत प्रसरण पावते. प्रत्येक फेरीला जरा दाबत, ताणत गुंडाळावं, शेवटची कड चिमटीने बंद करावी आणि तीच बाजू टिनात खाली ठेवावी. एवढं करूनही भीती वाटत असेल तर सुरळी लांबीने मधोमध चिरून, दोन्ही अर्ध्यांचा पेड घालून टिनात ठेवावा. वाफेला बाहेर पडायला शंभर वाटा मिळतात. वेढा मोडतो हे खरं, पण रेघांची जी नक्षी उमटते ती मला नेटक्या वेढ्याहून जास्त आवडते.

टिनात पीठ काठाच्या थोडं वर आलं की १८० अंशांच्या ओटीजीमध्ये. पहिल्या काही मिनिटांत यीस्ट उबेने चेकाळून झपाट्याने वायू सोडतं, आणि पेशींचं तापमान ६० अंशांजवळ गेलं की मरतं. त्याच सुमारास मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगू लागतो, ग्लूटेन घट्ट होतं, आणि काही क्षणांपूर्वी फुग्यासारखं ताणलेलं सगळं तसंच्या तसं स्थिर होतं. बाहेर १८० अंश असले तरी आतला गर शंभराच्या वर जात नाही, कारण त्यात पाणी आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांनी मध्यभागी ९० अंश भरले की ब्रेड झाला. वरचं कवच मात्र कोरडं पडून खूप तापतं, आणि तिथे साखर आणि प्रथिनं मिळून शेकडो नवे वास घडवतात. १९१२ साली लुई कामिय माय्यार यांनी या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचं नाव.

सिनॅमाल्डिहाइड २४८ अंशांना उकळतं, म्हणजे आतल्या रेघेत त्याने सुखरूप राहायला हवं. बरंचसं राहतंही. पण वाफेचा हात धरून ते त्याआधीच बाहेर पडू शकतं. दालचिनीचं तेल काढणारे सालीतून वाफ सोडतात ती याच गुणावर. भाजताना घरभर जो वास सुटतो ते म्हणजे आपल्या ओट्यावर चाललेलं लहानसं ऊर्ध्वपातनच.

खाताना जिभेवर जो उबदार चटका जाणवतो तोही तपासला गेला आहे. आर्डेम पॅटापुटियन यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की सिनॅमाल्डिहाइड आपल्या चेतातंतूंवरचं टीआरपीए-१ नावाचं एक दार उघडतं. फेसलेली मोहरी नाकात जाते तेव्हा उघडतं तेच हे दार. गंमत म्हणजे त्या अभ्यासात हे दार बोचऱ्या थंडीने उघडणारं म्हणून पुढे आलं होतं, आणि दालचिनीला तर आपण घरोघरी उष्ण म्हणतो! स्पर्श आणि तापमान शरीराला कसं कळतं यावरच्या कामासाठी पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर मिळालं.

ब्रेड गरम असताना कापू नये, हे सांगणं अवघड आणि पाळणं त्याहून अवघड. पण दोन तास थांबावं, तोवर स्टार्च सावरून गर सुरीला उभा राहतो. उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नये. तिथल्या थंडीत स्टार्चचे कण पुन्हा एकमेकांना घट्ट चिकटतात आणि ब्रेड बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. फ्रीजरमध्ये मात्र तो छान टिकतो. तिसऱ्या दिवशी स्लाइस कडक वाटली तर तव्यावर लोणी सोडून परतावी. ६० अंशांच्या वर गेलं की चिकटलेला स्टार्च पुन्हा सैलावतो आणि गर मऊ होतो. आच मंदच ठेवावी, कारण बहुतेक साखर रेघेत आहे आणि करपायला सुरुवात तिथूनच होते.